भिंतीकडे तोंड

लतानं लोखंडी बादलीवर पाना बडवला, तशा आम्ही सगळ्या जणी गुडघे वाकवून हनुवटीपर्यंत पाण्यात शिरलो आणि भिंतीकडे तोंड केलं.

हा नियम आमचा आम्हीच केला होता. साताऱ्यात आमच्या घरापासून लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका व्यायाम मंडळाचा पोहण्याचा तलाव होता आणि अकराचा तास बायकांचा. तलावाला लागून कपडे बदलायच्या खोल्या होत्या आणि त्यांच्या गच्चीवर पाणी तापवायच्या काळ्या चटया अंथरलेल्या. चटया म्हणजे रबरी नळ्या, एकीला एक चिकटवलेल्या. पंप तलावातलं पाणी वर ढकलायचा, ते उन्हात नळ्यांतून फिरायचं आणि कोमट होऊन तलावाच्या भिंतीतल्या एका तोंडातून परत खाली यायचं. सोय उत्तम, फक्त गच्चीवरून आख्खा तलाव दिसायचा. म्हणून कुणी पुरुषमाणूस दुरुस्तीला वर चढायचा असला की आमची राखणदारीण लता बादली बडवायची, आणि तो उतरेपर्यंत आम्ही पाठमोऱ्या. तोंड दिसलं तर बाई कुणाची ते कळणार. पाठीला काय नाव असतं?

पौषाचे दिवस होते. आठवडाभर पाणी तापतच नव्हतं. दातावर दात आपटत आम्ही भिंतीकडे बघत होतो, आणि गच्चीवरून आवाज आला.

"आवो नाना, वानरांनी पार वाट लावलीय हिची! उबंला येऊन बसत्यात आन नळ्या वरबाडत्यात."

त्या गार पाण्यात मला घाम फुटला. आवाज माझ्या धनंजयचा होता.

धनंजय माझा एकुलता एक. सोलर बसवायचं, दुरुस्त करायचं काम करायचा. आतापर्यंत छपरावरचे बंब, दवाखान्यांची गरम पाण्याची यंत्रं असली कामं असत. ह्या तलावाचं काम त्याच्याकडे आलंय हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्याची आई ह्या तलावात असते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी मी रोज त्या वेळेला दवाखान्यात गुडघ्यांना शेक घ्यायला जात होते.

नवरा गेल्यावर पिठाची गिरणी मीच चालवली. दिवसभर उभं राहायचं, डबे उचलायचे, गिऱ्हाइकाशी जात्याच्या वरच्या पट्टीत बोलायचं. त्यात पोरगा शिकला, घर उभं राहिलं आणि गुडघे बसले. डॉक्टर म्हणाले, "बाई, कोमट पाण्यात चालत जा. नाहीतर काठी आलीच म्हणून समजा, आणि गिरणी विसरा." गिरणी विसरायची म्हणजे मग आठवायचं काय? म्हणून मी तलाव शोधला, तोही गावाच्या दुसऱ्या टोकाचा, जिथं आपल्या ओळखीचं कुत्रंही भुंकणार नाही असा.

पण पाण्यात उतरायचं म्हणजे तो पोशाख. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली मी, आणि गुडघ्याच्या वर संपणारं ते काळं कापड. नसीम शिकलगार म्हणून एक बाई आमच्यात होती, तिनं आणून दिलं. पहिल्या दिवशी मी खोलीतून बाहेरच येईना. नसीम दार वाजवून म्हणाली, "इंदूताई, आत नवरी नटवताय का काय?" तेव्हा कुठं निघाले. तो ओला पोशाख घरी वाळत घालायची सोय नव्हती. मी तो गिरणीत, मोटरीच्या मागच्या खिळ्याला अडकवायची. त्यावर पीठ बसायचं. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले की माझ्याभोवती पांढरा ढग, आणि मग बायका सुटायच्या. "आज बेसन का ज्वारी?" "तेल तापवा गं, भजी पडली!"

दोन महिन्यांत मी कठडा न धरता जिना चढायला लागले होते. हे सुख मला धनंजयला सांगावंसं वाटायचं आणि तोंड उघडायचं नाही. त्याच्या लग्नाचं बघत होतो. होणाऱ्या पाहुण्यांच्या कानावर जाईल, मुलाची आई चड्डी घालून तलावात उतरते, मग काय? आता हे लिहिताना हसू येतं. तेव्हा झोप लागत नव्हती.

वर धनंजय चटयांवरून फिरत होता. मंडळाचे चिटणीस काटकर नाना त्याच्याबरोबर होते. नाना म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांना आमचा तास हवा होता, स्पर्धेच्या पोरांसाठी. उघड काढून घेतला तर बोंब होईल, म्हणून ते थंडीची वाट बघत होते. पाणी तापलं नाही की बायका आपोआप यायच्या बंद होतील. धनंजयच्या आधीच्या मिस्त्रीला त्यांनीच आज-उद्या करत टाळलं होतं. हे सगळं आम्हाला लतानं सांगितलं होतं.

"खाली कुणी हाय का वो?" धनंजय ओरडला. "परतीच्या तोंडाला जरा हात लावून बघा. बुडबुडे येत्यात का?"

कुणी हललं नाही. लता काठावरून म्हणाली, "इंदूताई, तुमच्याच गुडघ्यापाशी हाय की ते. बघा."

त्या तोंडापाशी कोमट पाणी आधी यायचं, म्हणून ती जागा सगळ्यांनी माझ्या गुडघ्यांना सोडली होती. आता तीच नडली. मी पाण्याखालूनच त्या तोंडाला हात लावला. आवाज चिमणीसारखा बारीक केला.

"येतात."

"बारीक का मोठं?"

"मोठे."

"पानी गार का कोमट?"

"गार."

वर एकदम शांत झालं. काही पडलं असेल, उचलत असेल, असं मला वाटलं. मी भिंतीतल्या एका फुटक्या फरशीवर डोळे लावून देवाचं नाव घेत होते.

"बरं मग?" नानांचा आवाज. "मी तर म्हणतो काढून टाकू. दुरुस्त हुण्यासारखं न्हाई, एवढं तू लिहून दे. तुझंबी काम संपलं, माझंबी."

 धनंजय हसला. असा मोठ्यानं तो सहसा हसत नसे.

"आवो नाना, ह्यास्नी कुठं शर्यती मारायच्यात? म्हशीला डबकं गार काय आन गरम काय! काढून टाकू की चटया."

नाना खो-खो हसले. धनंजयही हसत राहिला.

आम्ही दहा-बारा बायका, भिंतीकडे तोंड करून, कुणी कुणाकडे न बघता ते ऐकत होतो. प्रभुणेबाई, जन्मभर शाळेत शिकवलेल्या, त्यांची मान कापायला लागली होती. थंडीनं म्हणावं तर तसंही नव्हतं. आणि माझ्या शेजारी नसीम, दातओठ खाऊन हळूच म्हणाली, "कुणाच्या पोटी आला गं हा मुडदा? आई हाय का न्हाई ह्याला?"

मला लाज कशी असते ते माहीत होतं. नवरा गेल्यावर पहिल्यांदा गिरणीचा पट्टा चढवायला उभी राहिले तेव्हा सगळी आळी बघायला जमली होती, तेव्हा वाटली होती. ह्या पोशाखात पहिल्यांदा पाण्यात उतरताना वाटली होती. पण आपलंच पोर, आपणच दूधभात भरवलेलं, आणि त्याच्या नावानं चार बायांच्या तोंडून थू होतेय आणि आपण मान वर करू शकत नाही, ही लाज निराळी. 

"हाय," मी म्हणाले.

ते भिंतीलाच ऐकू गेलं. नसीमनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी वळले. नियम मोडून, गच्चीकडे तोंड करून सरळ उभी राहिले. पाणी कमरेला आलं. आणि गिरणी चालू असताना मी गिऱ्हाइकाला हाक मारते त्या आवाजात ओरडले, "हाय! ह्याला आई हाय! मी हाय ह्याची आई!"

एकेक करून सगळ्या वळल्या. लताच्या हातातला पाना खाली पडला. वर नाना कठड्याशी आले, डोळ्यांवर हात धरून खाली बघायला लागले.

"धनंजय, काय म्हनती रं ही बाई? तुझी आई हाय म्हनं."

धनंजय मागे होता. त्याचे फक्त खांदे दिसत होते. तो म्हणाला, "काय की वो. माझी आई ह्या टायमाला दवाखान्यात असती. शेक घ्यायला जाती ती."

माझीच थाप त्यानं माझ्या पदरात टाकली. आणि खरं सांगते, क्षणभर मला बरंही वाटलं. पोरानं वाट करून दिली होती. "चुकलं हो, उन्हात नीट दिसलं नाही," एवढं म्हणून मान खाली घालून वळायचं होतं. झाकली मूठ राहिली असती. नानांना काही कळलं नसतं, पाहुण्यांच्या कानावर गेलं नसतं. चटया तेवढ्या उतरल्या असत्या. महिन्याभरात मी पुन्हा भिंत धरून चालायला लागले असते, आणि गिरणीला कुलूप.

नसीम माझ्याकडे बघत होती. "ताई, खरंच तुमचा?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. कीव होती, आणि कीव मला कधीच पचली नाही.

मी पायऱ्यांकडे चालायला लागले. लोखंडी दांडा धरला आणि एकेक पायरी चढून काठावर आले. अंगावरून पाणी गळत होतं, मांड्या उघड्या, केस चिकटलेले. टॉवेल दोन हातांवर खुंटीला होता. हात तिकडे गेलाही. पण घेतला नाही. झाकून घेतलं असतं तर मला पुढं बोलता आलं नसतं.

"धन्या," मी म्हणाले. "उगं आभाळाकडं बघू नको. खाली बघ."

तो कठड्याशी आला. हातात फाटकी नळी होती. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं, नको, बास, जाऊ दे. आईला आपल्या लेकराचं तसलं तोंड बघवत नाही. पण मागं एवढ्या जणी गारठ्यात उभ्या होत्या.

"आता नानास्नी सांग. दुरुस्त होतंय का न्हाई? होत नसलं तर न्हाई म्हण, मी मुकाट्यानं घरी जाते. पण खरं ते सांग."

"होतंय," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"होतंय, आई!" तो ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "फाटलेल्या नळ्या तेवढ्या कापायच्या आन दोन्ही अंगांनी बुचं मारायची. वर जाळी टाकायची, म्हंजे वानरं बसायची न्हाईत."

नानांनी खोकल्यासारखं केलं. "मग कर की बाबा, कोन नको म्हनतंय," असं म्हणून ते जिना उतरून गेले. जाताना त्यांनी तलावाकडे बघितलं नाही. आता त्यांनाच भिंतीकडे तोंड करून जावं लागलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनातून त्यांनी त्या वाजवायला नको होत्या. वर तो गुडघे टेकून बसला होता, आमच्याकडे पाठ करून, आणि प्रत्येक टाळी त्याच्या पाठीत बसत असणार. नसीम टॉवेल घेऊन धावत आली आणि माझ्या खांद्यांवर टाकला.

"ताई, मला काय माहीत. मुडदा म्हणाले मी त्याला."

"म्हणालीस ते म्हणालीस," मी म्हणाले. "मीबी म्हणते कधी कधी."

ती हसली. मी हसायचा प्रयत्न केला, पण तोंड वाकडंच झालं.

त्या दिवशी गिरणीत माझं लक्ष नव्हतं. एका बाईच्या गव्हात दुसरीची ज्वारी मिसळली आणि शिव्या खाल्ल्या. दिवस मावळताना धनंजय आला. मोरीवर हात धुताना बराच वेळ लावला. बोटं काळी झालेली, एका बोटाला कापलेलं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. गॅस होता घरात, पण भाकरी आम्ही चुलीवरच करायचो.

तो पाटावर येऊन बसला. मी ताट वाढलं. वांग्याची भाजी होती, त्याच्या आवडीची. ती मी मुद्दाम केली होती का, तर हो.

"झालं काम?" मी विचारलं.

"झालं. जाळी उद्या बसवतो. दुपारपतुर कोमट पानी येईल." मग तो म्हणाला, "मला सांगितलं न्हाईस."

"काय सांगायचं?"

"पान्यात जातेस ते."

"लाज वाटली."

"मग आज न्हाई वाटली?"

"वाटली की. आधी माझी वाटली. मग तू बोललास तेव्हा तुझी वाटली."

हे बोलायला नको होतं असं बोलल्यावर कळलं. पण जीभ माझी गिरणीच्या पट्ट्यासारखी, एकदा फिरायला लागली की हातानं थांबत नाही. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. मला वाटलं, आता हा भांडणार. भांडला असता तर बरं झालं असतं. मीही चार शब्द बोलले असते, दोघं रडलो असतो, संपलं असतं. मी त्याची बाजू मनात तयारही करून ठेवली होती. पोराला काय ठाऊक खाली कोण आहे. पोरं बोलतात, चारचौघांत मोठ्या माणसापुढं शेखी मिरवायला बोलतात. आई आहे हे कळलं असतं तर त्याची जीभ झडली असती.

"जाऊ दे," मी म्हणाले. "तुला काय माहीत, मी खाली हाय ते."

तो ताटाकडे बघत होता.

"माहीत होतं, आई."

"काय?"

"तू 'मोठे' म्हणालीस ना, बुडबुड्यांचं? तवाच वळखलं. कितीबी आवाज बारीक केलास तरी. आन लताबाई इंदूताई म्हणाल्या. वरनं बघितलं तर तुझी पाठ. पाठ काय वळखू येत न्हाई व्हय?"

तवा तापला होता. मी भाकरी टाकली, फिरवली. हातांनी सवयीनं सगळं केलं.

"मग ते म्हशीचं?"

"ते त्याच्यानंतर बोललो."

बाहेर कुणीतरी डबा घेऊन आलं होतं. "इंदूताई, गिरणी चालू हाय का?"  ते माणूस जरा थांबून निघून गेलं.

"नाना शेजारीच उभं होतं," तो म्हणाला. "त्यास्नी कळायच्या आत वाटलं, आपणच हसावं. हसलो की सुटलो. मग पान्यातल्या बाईचा हा मुलगा, असं कुणाच्या डोक्यातच यायचं न्हाई." मग अगदी हळू, "दवाखान्यात असती म्हणालो, तेबी तुझ्यासाठी न्हवतं."

भाकरी फुगली. मी ती उलथन्यानं उचलली आणि त्याच्या ताटाकडे नेताना माझा हात मध्येच थांबला. तलावाच्या काठावर ओल्या अंगानं उभी होते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तेव्हासुद्धा मी एवढी मेले नव्हते. माझ्याच घरात, चुलीपुढं, डोक्यावर पदर असताना मला कुठं बघावं ते कळेना.

"वाढ की," तो म्हणाला.

मी वाढली. त्यानं ती खाल्ली नाही. मीही त्याला खा म्हणाले नाही.